‘मला नाही जमणार’ म्हणणारी मान्या

आमच्या गावातल्या वाचनालयाच्या माडीवर रोज संध्याकाळी सहा ते नऊ मुलींची अभ्यासिका चालते. आम्ही चार-पाच जणींनी मिळून ती सुरू केली. माझं काम अगदी साधं. कुलूप उघडायचं, दिवे-पंखे बघायचे, साडेसातला चहा टाकायचा आणि शेवटची मुलगी घराकडे वळेपर्यंत थांबायचं. शिकवणं वगैरे आपल्याच्याने होत नाही. मी आर्ट्‌सची. गणित म्हटलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो!

मागच्या पावसाळ्यात एका मुलीची वही टेबलावर राहून गेली. कुणाची आहे बघावं म्हणून मी उघडली, तर नेमकं शेवटचं पान उघडलं गेलं. पेन्सिलीने एकाखाली एक ओळी. मी ढ आहे. माझ्याच्याने होणार नाही. बाबांचे पैसे वाया. ताई हुशार, मी नाही. सगळं पान भरलेलं. आमच्या लहानपणी बाई शिक्षा म्हणून एकच वाक्य शंभर वेळा लिहायला लावायच्या ना, अगदी तसं. फरक एवढाच, की ही शिक्षा त्या पोरीने स्वतःच स्वतःला दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला वही दिली आणि वाचल्याबद्दल माफीही मागितली. ती रडली नाही, चिडलीही नाही. जे खरं तेच लिहिलंय, असं शांतपणे म्हणाली. तलाठी भरतीची परीक्षा ती आधी एकदा देऊन बसली होती, थोडक्यात गेली. आता पुन्हा जागा निघाल्या होत्या, पण फॉर्म भरायचाच नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. मुदत संपायला आठ दिवस होते.

मला काय बोलावं सुचेना. ‘अगं, तू हुशार आहेस’ असं म्हणून भागणार नव्हतं. कारण त्या पानावरचं ते बोलणं माझ्या ओळखीचं होतं. माझं बी.ए. लग्नानंतर झालं, तेही बाहेरून, धाकटा दोन वर्षांचा असताना. रात्री पोळ्यांचा पसारा आवरून पुस्तक उघडलं की माझ्या डोक्यात एक बाई बोलायला लागायची. आता या वयात काय दिवे लावणार? इंग्रजीच्या पेपरला भोपळाच मिळणार. घरादाराला उगाच त्रास. त्या बाईचा आवाज कुणा सासू-नणंदेचा नव्हता हो, माझाच होता! बी.ए. झाले, पण एम.ए. तिने होऊ दिलं नाही. दोनदा फॉर्म आणला आणि दोनदा तो कपाटात साड्यांखाली तसाच राहिला.

मग मी त्या मुलीला मान्याची गोष्ट सांगायची ठरवली. चहाच्या वेळात थोडी थोडी, चार दिवस पुरवून. आज तुम्हालाही सांगते.

मान्या पोलंडमधली, वॉर्सा शहरातली. जन्म १८६७ चा. तेव्हा पोलंड रशियाच्या अमलाखाली होतं. शाळेत शिकायचं रशियनमधून, स्वतःची मातृभाषा चोरून. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक, आई मुलींची शाळा चालवायची. पाच भावंडांत मान्या सगळ्यांत धाकटी. ती आठ-नऊ वर्षांची असताना थोरली बहीण तापात गेली आणि दोन वर्षांनी क्षयाने आई गेली. वडिलांचं पद गेलं, साठवलेला पैसा बुडाला. घरात विद्यार्थी ठेवून, त्यांना जेवूखाऊ घालून संसार चालायचा.

अशा घरातली ही पोर अभ्यासात मात्र कायम पहिली. शाळेत इन्स्पेक्टर आला की पोलिश पुस्तकं लपवली जायची आणि उत्तरं द्यायला मान्यालाच उभं करायचे. रशियाच्या राजांची नावं ती घडाघडा म्हणायची आणि इन्स्पेक्टर गेल्यावर तिला रडू कोसळायचं. १८८३ साली, सोळा वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा सुवर्णपदक घेऊन शाळा संपली. आणि मग? मान्या आजारी पडली. मन आणि शरीर, दोन्ही थकलं. वडिलांनी शहाणपणा केला. तिला वर्षभर खेड्यावर नातेवाइकांकडे पाठवून दिलं. पुस्तकं बंद. हुंदडायचं, नाचायचं, हसायचं. सुवर्णपदक मिळवणाऱ्या मुलीलाही विश्रांती लागते, हे त्या काळातल्या बापाला कळलं होतं. आपल्याला कळतं का?

पुढचं शिक्षण हा खरा प्रश्न होता. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. शिकायचं तर पॅरिसला जायला हवं आणि पैसा तर नाही. तेव्हा मान्या आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या यांनी आपसात एक करार केला. आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्या मार्गी लागली की तिने मान्याला बोलवायचं. आपल्याकडच्या भिशीसारखंच म्हणा ना! एकीचा नंबर आधी, दुसरीचा नंतर.

१८८६ च्या जानेवारीत, अठराव्या वर्षी, मान्या श्चुकी नावाच्या खेड्यात एका सधन कुटुंबात मुलांना शिकवायला राहिली. वर्षाला पाचशे रूबल पगार, त्यातला जवळजवळ अर्धा ब्रोन्याला जायचा. दिवसभर त्या घरातल्या मुलींचा अभ्यास घ्यायचा. शिवाय गावातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना ती पोलिश लिहा-वाचायला शिकवायची. हे सरकारला कळलं असतं तर शिक्षा होती, तरीही. आणि रात्री स्वतःचा अभ्यास. गणित शिकवायला जवळ कोणी नाही, म्हणून वडील पत्रातून शिकवायचे.

तिची अभ्यासाची एक युक्ती मला फार आवडली. ती एकाच विषयाला चिकटून बसायची नाही, दोन-तीन पुस्तकं आलटून पालटून वाचायची. आणि वाचन डोक्यात शिरेनासं झालं की पुस्तक मिटून बीजगणिताची किंवा त्रिकोणमितीची उदाहरणं सोडवायला घ्यायची. कारण उदाहरण सोडवताना मन दुसरीकडे गेलं की उत्तर चुकतंच. मनाला भरकटायला जागाच उरत नाही. त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा वर बघून नीट ऐकायला लागली.

पण पुढे गोष्ट बिघडते. त्या घरचा थोरला मुलगा सुट्टीत घरी आला. त्याचं आणि मान्याचं प्रेम जमलं. लग्न करायचं ठरलं. आई-वडिलांनी साफ नकार दिला. कुठे आपलं घराणं आणि कुठे ही पगारी शिक्षिका! मुलगा गप्प बसला. तुम्ही-आम्ही असतो तर दुसऱ्या दिवशी पेटी भरली असती. मान्याला ती सोय नव्हती. बहिणीला पैसे पाठवायचे होते ना! अपमान गिळून ती १८८९ पर्यंत त्याच घरात राहिली, त्याच माणसांच्या मुलांना शिकवत.

या दिवसांत तिच्या डोक्यातली ती बाई बोलायला लागली. तिची या काळातली पत्रं वाचताना जीव तुटतो. भावाला तिने कळवलं, की आपण कुणी मोठं होण्याची आशा सोडली आहे, आता जी काही हौस आहे ती तुमच्यासाठी. तेव्हा तिचं वय होतं एकोणीस-वीस!

आता खरी गंमत ऐका. १८९० मध्ये ब्रोन्याचं पत्र आलं. तिचं शिक्षण संपत आलं होतं, एका डॉक्टरशी लग्न ठरलं होतं. पुढच्या वर्षी तू पॅरिसला ये, आमच्याकडे राहा, असं तिने लिहिलं. ज्या दिवसासाठी मान्याने इतकी वर्षं काढली तो दिवस दारात आला होता. आणि मान्याने काय उत्तर द्यावं? की मी मूर्ख होते, मूर्ख आहे आणि जन्मभर मूर्खच राहणार. माझ्या नशिबातच नाही. शिवाय वडील म्हातारे झाले, त्यांना सोडून कशी येऊ? दुसऱ्या बहिणीचं काय? भावाचं काय?

मैत्रिणींनो, इथे मी गोष्ट थांबवली होती, इथेही जरा थांबते. नीट बघा. नुसतं ‘मी ढ आहे’ एवढंच म्हणाली असती, तर कुणीही तिला खोडून काढलं असतं. पण डोक्यातली ही बाई हुशार असते. ती कर्तव्याचा पदर डोक्यावर घेऊन येते. वडील, बहीण, भाऊ, घर... मग कोण काय बोलणार? माझंही असंच झालं होतं. एम.ए.चा फॉर्म साड्यांखाली गेला तेव्हा मी सगळ्यांना काय सांगितलं? सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांचे गुडघे दुखत होते, ते खरंच होतं. पण मी घाबरले होते, हेही खरं होतं. ते मात्र मी कुणालाच सांगितलं नाही.

वडिलांनी मान्याला अडवलेलं नव्हतं. उलट त्यांनी जादा पगाराची एक अवघड नोकरी धरून ब्रोन्याला पैसे पाठवायला सुरुवात केली होती, म्हणजे मान्याला स्वतःसाठी चार पैसे साठवता यावेत. वाट मोकळी होती. अडून बसली होती ती मान्याच.

मग ती सुटली कशी? एका रात्रीत नाही. दीड वर्ष गेलं. या काळात वॉर्साला तिच्या नात्यातल्या एका भावाच्या देखरेखीखाली एक छोटी प्रयोगशाळा होती, तिथे ती संध्याकाळी आणि रविवारी जाऊन एकटीच प्रयोग करायची. पुस्तकात दिलेलं स्वतःच्या हातांनी करून बघायचं. कधी फसायचं, कधी अचानक जमायचं. जमलं की हुरूप, फसलं की पुन्हा खाली. पण हाताला काम लागलं होतं. मला वाटतं, हेच औषध होतं. डोक्यातल्या बाईशी वाद घालून ती गप्प बसत नाही, तिला पुरून उरणाऱ्या गोष्टी असतात आपल्याकडे. पण हात कामात गुंतले की तिचा आवाज आपोआप बारीक होतो.

१८९१ च्या सप्टेंबरात त्या मुलाशी शेवटची भेट झाली. तो अजूनही आई-बापांच्या पुढे जायला तयार नव्हता. मान्याने तो विषय संपवला आणि ब्रोन्याला पत्र टाकलं, की मला खरंच ठेवून घेशील का, मी येते. तिकिटाचे पैसे कमी म्हणून जर्मनीतून चौथ्या वर्गाच्या डब्यातून गेली. तिथे बसायला बाकही नसायचं. घडीची खुर्ची, पांघरूण, खाण्याचं सामान, सगळं बरोबर घेऊन. चोविसावं वर्ष पुरं व्हायला आलं होतं. बरोबरीच्या मुलींची लग्नं होऊन गेलेली, आणि ही पहिल्या वर्षाला नाव घालते आहे!

पॅरिसला पोचल्यावर सगळं सुरळीत झालं असेल असं वाटतं ना? छे! वर्गात बसल्यावर लक्षात आलं, की प्राध्यापक भराभर बोलतात ते फ्रेंच पुरतं कळतच नाही. गणित आणि पदार्थविज्ञानही कमी पडतंय. बाकीची मुलं रीतसर शिकून आलेली आणि ही पत्रातून शिकलेली. खचून जायला इतकं कारण पुरे होतं.

पण इथेच मान्या बदललेली दिसते. मी मूर्ख आहे, याला उपाय नाही. माझं गणित एवढं एवढं कमी आहे, याला उपाय आहे. कमी किती ते मोजायचं आणि भरून काढायला लागायचं. तिने तेच केलं. बहिणीचं घर विद्यापीठापासून घोड्याच्या बसने तासाभरावर होतं आणि घरात सारखा माणसांचा राबता. म्हणून विद्यापीठाजवळ सहाव्या मजल्यावर माळ्यासारखी एक खोली घेतली. महिन्याला चाळीस रूबलमध्ये भाडं, जेवण, पुस्तकं, कपडे सगळं बसवायचं. संध्याकाळी ग्रंथालयात बसायची, कारण तिथे ऊब आणि उजेड फुकट. दहाला ते बंद झालं की खोलीवर येऊन पुन्हा अभ्यास. थंडीत भांड्यातलं पाणी गोठायचं आणि असतील नसतील ते कपडे अंगावर घेऊन झोपायचं.

एकदा मात्र ती चक्कर येऊन पडली. ब्रोन्याच्या डॉक्टर नवऱ्याने येऊन खोली तपासली तर खायला काही नाही. आदल्या दिवशी मुळे आणि थोड्या चेरी, एवढंच पोटात गेलेलं. मेव्हण्याने तिला घरी नेऊन पोटभर जेवू घातलं, झोपवलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या मुलींना उपाशी राहून, जागून अभ्यास करण्याचं कौतुक वाटतं. मान्या पुढे गेली ती उपाशी राहिली म्हणून नाही. वेळेवर कुणीतरी तिला जेवू घातलं, म्हणून ती पुढे जाऊ शकली.

१८९३ च्या उन्हाळ्यात पदार्थविज्ञानाची पदवी परीक्षा आली. प्रश्नपत्रिका हातात पडली तेव्हा भीतीने मान्याच्या डोळ्यांपुढे अक्षरं नाचायला लागली. म्हणजे बघा, भीती गेली नव्हतीच! फक्त भीती असतानाही लिहायचं, हे ती शिकली होती. निकाल गुणांच्या क्रमाने भर सभागृहात वाचून दाखवायचे. पहिलंच नाव पुकारलं गेलं, ते मान्याचं!

पुढे शिकायला पैसे उरले नव्हते. तेव्हा सहाशे रूबलची एक शिष्यवृत्ती मिळाली. पुढच्या वर्षी, १८९४ मध्ये, गणिताच्या पदवीत ती दुसरी आली. आणि कमाई सुरू झाल्यावर तिने ते सहाशे रूबल परत केले. कुणी मागितले नव्हते. पण आपल्यासारखीच दुसरी कुणी गरजू मुलगी वाट बघत असेल, असा तिचा विचार. बचत गट चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही ओळखलंच असेल. मान्या म्हणजे मारिया स्क्लोडोव्स्का, आपल्या शाळेच्या पुस्तकातली मादाम मेरी क्युरी. १८९५ मध्ये पिएर क्युरींशी लग्न, १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियमचा शोध, १९०३ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचं. नोबेल मिळवणारी पहिली स्त्री आणि दोनदा मिळवणारी पहिली व्यक्ती. १९०६ मध्ये पिएर अपघातात गेले, दोन लहान मुली पदरात. त्याच वर्षी त्यांच्या जागेवर उभी राहून तिने विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी एक्स-रेच्या गाड्या उभ्या केल्या. १९३४ मध्ये ती गेली. ज्या किरणांवर आयुष्य घालवलं, त्यांनीच रक्ताचा आजार दिला असं मानतात. हे सगळं आपण पाठ केलेलं असतं. पण ही बाई एकेकाळी स्वतःला मूर्ख म्हणत होती आणि दारात आलेल्या संधीला नाही म्हणत होती, हे आपल्याला कुणी सांगितलं होतं का?

ही गोष्ट ऐकून आमची मुलगी उठून धावली वगैरे काही नाही. मेरी क्युरी कुठे आणि मी कुठे, असं म्हणाली. बरोबरच आहे. मीही तिला नोबेल मिळव म्हटलं नव्हतं. फक्त एक विनंती केली. मागच्या पानावर लिहायचं तर जरूर लिही, पण मोजता येईल असं लिही.

दोन दिवसांनी तिने होऊन वही दाखवली. जुनं पान तसंच होतं, खोडलेलं नव्हतं. समोरच्या पानावर लिहिलं होतं, काळ-काम-वेग अजून वीस गणितं, शेकडेवारी बरी, मराठी व्याकरणात समास कच्चे. मुदत संपायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी मिळून फॉर्म भरायला गेलो. निकाल काय लागेल माहीत नाही. लागेल तो लागेल. पण या वेळी ती स्वतःच्या हाताने नापास होऊन घरी बसली नाही, एवढं नक्की.

एक गोष्ट मात्र आयांना सांगायची आहे. मुलगी सारखी रडत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको असं बोलत असेल, तर गोष्टी सांगत बसू नका. तिला एकटीला न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. त्यात लाज कसली? मान्याच्या वडिलांनी तिला वर्षभर विश्रांती दिली, तीही लाज न बाळगताच.

आणि हो, त्या दिवशी फॉर्म भरायला गेलो तेव्हा मुलगी मला म्हणाली, काकू, तुमच्या एम.ए.चं काय? मी सवयीने तोंड उघडलं. सासूबाईंचे गुडघे, असं म्हणणारच होते. मग आठवलं, सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली.

मीही फॉर्म भरला आहे. इंग्रजी घेतलेलं नाही, मराठी घेतलं आहे. भाषाशास्त्राच्या पेपरची भीती वाटते. किती पाठ बाकी आहेत ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. अकरा.

तुमच्या कपाटात साड्यांखाली काय आहे?